केसावरून केस

जेवणाच्या ताटात केस निघाला की प्रत्येक घरात एक छोटासा पोलीस तपास सुरू होतो. केस लांब आहे, म्हणजे सासरेबुवा सुटले. काळाभोर आहे, म्हणजे सासूबाईही सुटल्या. उरल्या सूनबाई आणि नणंदबाई. दोघींचे केस सारखेच लांब, सारखेच काळे आणि तेलही एकाच बाटलीतलं. इथे तपास अडतो आणि भांडण सुरू होतं!

तुम्हाला हसू येईल, पण न्यायवैद्यक शास्त्रातली केसाची सगळी कहाणी या एका ताटात सामावलेली आहे. केस माणसाला सोडवतो चटकन आणि पकडून देतो फार कष्टाने. 'हा त्याचा नाही' हे तो बऱ्याचदा ठामपणे सांगतो. 'हा त्याचाच' हे सांगताना मात्र अडखळतो. हा फरक ज्यांना कळला नाही, त्यांच्यामुळे जगात निरपराध माणसं आयुष्यभर तुरुंगात सडली. म्हणून आज या केसाच्या केसबद्दल थोडं सविस्तर.

सुरुवात कोलकात्यापासून करू. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी तिथल्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सेमिनार हॉलमध्ये ३१ वर्षांच्या एका निवासी डॉक्टर मुलीचा मृतदेह सापडला. रात्रपाळी करता करता ती विश्रांतीसाठी तिथे गेली होती. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता. सारा देश हादरला, डॉक्टर रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी संजय रॉय या सिव्हिक व्हॉलंटियरला अटक केली. पुढे कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि ७ ऑक्टोबरला आरोपपत्र दाखल झालं.

त्या आरोपपत्रात पुराव्यांची एक यादी होती. सीसीटीव्हीतलं चित्रण, मोबाइलचं ठिकाण, आरोपीच्या फोनशी जोडला जाणारा ब्लूटूथ इअरफोन, त्याच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर मृत मुलीचं रक्त, तिच्या शरीरावर सापडलेला त्याचा डीएनए, त्याच्या अंगावरच्या झटापटीच्या जखमा. आणि या यादीत आणखी एक नोंद होती: घटनास्थळी सापडलेले आखूड केस, जे तपासणीत आरोपीच्या केसांशी जुळले. १८ जानेवारी २०२५ रोजी सियालदहच्या न्यायालयाने रॉयला दोषी ठरवलं, २० तारखेला मरेपर्यंत जन्मठेप दिली. शिक्षा वाढवून फाशी व्हावी म्हणून सीबीआयने उच्च न्यायालयात अपील केलं. मुलीच्या आईवडिलांची मात्र 'तपास पुरा झालेला नाही' ही तक्रार कायम राहिली.

आता जरा विचार करा. सेमिनार हॉल म्हणजे रोज कितीतरी डॉक्टरांनी बसायची-उठायची जागा. तिथे किती जणांचे केस पडलेले असतील! आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज आपसूक गळतात. आपण जातो तिथे आपली हजेरी पेरत जातो. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा उभारणारे एडमंड लोकार्ड यांनी हेच सूत्र मांडलं होतं. दोन गोष्टींचा स्पर्श झाला की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतं. गुन्हेगार हातमोजे घालेल, पायाचे ठसे पुसेल, पण गळणारा केस त्याला थोपवता येत नाही.

केस टिकतोही फार. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला. मांस कुजतं, रक्त वाळून उडून जातं, केस वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून तपासनीसांना त्याचं मोल.

सूक्ष्मदर्शकाखाली केस धरला की त्याचे तीन भाग दिसतात. बाहेरून घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले. त्याच्या आत रंगाचे कण असलेला जाड थर. आणि मधोमध गाभ्याची नळी. माणसाच्या केसात ही नळी बारीक असते, केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी आणि कित्येकदा तुटक. जनावराच्या केसात ती अर्ध्याहून अधिक जाडीची. त्यामुळे केस माणसाचा की कुत्र्या-मांजराचा, हे जाणकार सहसा लवकर सांगतो. केस डोक्याचा की दाढीचा, रंगवलेला की नैसर्गिक, कात्रीने कापलेला की आगीने होरपळलेला, हेही कळतं. केस दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा कलप लावलेल्या केसाच्या मुळाशी किती पांढरा भाग उगवलाय त्यावरून शेवटचा कलप कधी लावला याचाही अंदाज बांधता येतो!

सगळ्यात बोलका भाग म्हणजे मूळ. आपोआप गळलेल्या केसाचं मूळ सुकलेलं, गदेच्या टोकासारखं गोल असतं. झटापटीत उपटलेल्या केसाच्या मुळाला मात्र त्वचेच्या पेशी चिकटून येतात. खून झालेल्या माणसाच्या मुठीत असा केस सापडला तर त्याला वेगळा अर्थ असतो. तो केस तिथे वाऱ्याने आलेला नसतो.

इथवर सारं ठीक. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. 'हा माणसाचा, डोक्याचा, काळा केस आहे' इथून 'हा याच माणसाचा केस आहे' इथे उडी मारताना.

गंमत म्हणजे ही उडी कशी जपून मारावी, याचा पहिला धडाही कोलकात्यातच गिरवला गेला. हे शहर भारतातल्या न्यायवैद्यक शास्त्राचं माहेरघर. रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा इथे १८५३ मध्ये निघाली. मुंबईची त्यानंतर, १८७० मध्ये. स्वातंत्र्यानंतर देशातली पहिली राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा १९५२ मध्ये इथेच आणि पहिली केंद्रीय प्रयोगशाळाही १९५७ मध्ये इथेच. त्याआधी १८९७ मध्ये रायटर्स बिल्डिंगमध्ये बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं नाव त्या पद्धतीला मिळालं. पण ठशांच्या वर्गवारीचं किचकट काम केलं ते काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांनी.

पुढच्याच वर्षी जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या मॅनेजरचा गळा चिरलेला सापडला. तिजोरी फोडलेली होती. कागदपत्रांत एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा पुसट ठसा. तो पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या कांगाली चरण या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. खटला चालला. आणि न्यायालयाने काय केलं? चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून सोडून दिलं! कारण ठसा एवढंच सांगत होता की या माणसाचा हात त्या पंचांगाला लागला. सुरी कोणी चालवली हे ठसा सांगत नव्हता. त्या निकालाने कोणाचं समाधान झालं असेल-नसेल, पण पुरावा जेवढं बोलतो तेवढंच ऐकायचं, हा धडा त्यात होता.

बोटाचा ठसा तरी माणसागणिक वेगळा. केसाचं तसं नाही. एकाच डोक्यावरचे दोन केस जाडीला, रंगाला, गाभ्याला सारखे नसतात आणि दोन वेगळ्या डोक्यांवरचे दोन केस हुबेहूब सारखे असू शकतात. आपल्या ताटातल्या केसाचंच बघा ना, नणंद की भावजय?

अमेरिकेने हा धडा फार उशिरा घेतला. १९७८ मध्ये वॉशिंग्टन शहरात एका टॅक्सी ड्रायव्हरचा खून झाला. खुन्याने तोंडावर ओढलेला स्त्रियांचा पायमोजा जवळच सापडला. त्यात १३ केस होते. त्यातला एक केस सॅन्टे ट्रिबल या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या केसाशी 'सर्व दृष्टींनी' जुळतो, असं एफबीआयच्या तज्ज्ञाने सांगितलं. आपण त्या वेळी दुसरीकडे होतो असं मुलगा ओरडून सांगत होता, घरचे साक्ष देत होते. पण सरकारी वकिलाने ज्युरीला सांगितलं की हा केस दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता फार तर एक कोटीत एक! असा हिशेब कुठल्याही शास्त्रात नव्हता. पण ज्युरीवर त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. मुलाच्या आयुष्याची २८ वर्षं तुरुंगात गेली.

पुढे त्या १३ केसांची डीएनए तपासणी झाली. एकही केस ट्रिबलचा नव्हता. आणि त्यातला एक तर माणसाचाही नव्हता. तो कुत्र्याचा होता! २०१२ मध्ये न्यायालयाने ट्रिबलला निर्दोष ठरवलं. तोवर तो पन्नाशीत पोहोचला होता आणि अनेक आजारांनी पोखरला होता. नंतर त्याला भरपाई मिळाली, पण ती उपभोगायला फार वर्षं मिळाली नाहीत. २०२० मध्ये तो गेला.

हे एकटंदुकटं उदाहरण असतं तर हळहळून सोडून दिलं असतं. पण एफबीआयने आपल्या जुन्या खटल्यांची तपासणी सुरू केली आणि एप्रिल २०१५ मध्ये कबुली दिली. केसाची साक्ष आरोपीच्या विरुद्ध वापरलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत त्यांच्या तज्ज्ञांनी शास्त्राला धरून नसलेली विधानं केली होती. २८ पैकी २६ तज्ज्ञ यात सापडले. अशा ३३ खटल्यांत आरोपीला मृत्युदंड सुनावलेला होता आणि त्यातल्या ९ जणांना तोवर प्रत्यक्ष देहदंड देऊन झालेला होता. हे सगळेच निरपराध होते असं नाही. काहींविरुद्ध इतर पुरावाही असेल. पण शास्त्राच्या नावाखाली न्यायालयाला जे सांगितलं गेलं, ते शास्त्र नव्हतं.

मग केस पुराव्यातून बाद करायचा का? तसं मुळीच नाही. सूक्ष्मदर्शकाला त्याच्या जागी ठेवायचं आणि पुढचं काम डीएनएकडे सोपवायचं. एफबीआयच्याच दोन शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये सूक्ष्मदर्शकाने 'जुळलेले' ८० केस डीएनएने पुन्हा तपासले, तर त्यातले ९ वेगळ्याच माणसांचे निघाले. म्हणजे नजर चांगली असली तरी नऊ-दहातली एक वेळ फसली.

डीएनएचेही दोन प्रकार आहेत आणि हे समजून घेण्यासारखं आहे. केसाच्या मुळाला पेशी असल्या तर त्यातून पूर्ण डीएनए मिळतो. तो जवळपास एकट्या त्या माणसाचाच असतो, अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात बसच्या जमिनीवर सापडलेल्या केसांच्या पुंजक्याचा डीएनए पीडित मुलीच्या डीएनएशी जुळला. ती त्याच बसमध्ये होती हे त्यामुळे पक्कं झालं.

मूळ नसलेल्या, नुसत्या केसातून मात्र बहुधा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळतो. तो आपल्याला फक्त आईकडून येतो. म्हणजे आई, तिची सगळी मुलं, मामा, मावशी, मावशीची मुलं या सर्वांचा तो एकच! त्यावरून घराणं कळतं, तेही आईच्या बाजूचं. नेमका माणूस कळत नाही. मात्र सापडलेला अवशेष हरवलेल्या माणसाचा आहे का, हे त्याच्या भावंडांच्या रक्तावरून ठरवायला तो फार उपयोगी पडतो. अलीकडे कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ एड ग्रीन यांनी मूळ नसलेल्या केसातूनही पूर्ण डीएनएचे तुकडे जुळवण्याची रीत काढली आणि २०१९ मध्ये तिच्या आधारे अमेरिकेतल्या दशकानुदशकं बेवारस राहिलेल्या मृतांची ओळख पटली. शास्त्र पुढे सरकतंय, पण महागडं आणि वेळखाऊ आहे.

केस फक्त खुनाचीच साक्ष देतो असं मात्र नाही. पोटात गेलेल्या विषाचा तो पंचनामा असतो. रक्तातलं आर्सेनिक काही दिवसांत नाहीसं होतं. पण केस वाढता वाढता ते स्वतःत साठवत जातो. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने केस म्हणजे जणू विषाची रोजनिशीच.

याचा सर्वांत मोठा वापर झाला तोही कोलकात्यातून. १९८३ मध्ये तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे खेड्यांतले रुग्ण आले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय जाड, खरखरीत. कोणी कोणाला विष घातलं नव्हतं. विष होतं नळकूपाच्या पाण्यात, जमिनीतूनच येणारं आर्सेनिक. पुढे जादवपूर विद्यापीठातले डॉ. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर २४ परगणा, नदिया, मुर्शिदाबाद, मालदा या जिल्ह्यांत गावोगाव फिरून पाणी, केस, नखं आणि लघवीचे हजारो नमुने गोळा केले. निरोगी माणसाच्या एक किलो केसात ०.०८ ते ०.२५ मिलिग्रॅम आर्सेनिक असतं. १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की विषबाधेचं लक्षण. कित्येकांच्या अंगावर एकही डाग उमटलेला नव्हता, पण त्यांचे केस आधीच सांगत होते. अर्थात इथेही सावधगिरी हवीच. त्याच पाण्याने न्हाल्यामुळे बाहेरूनही केसाला आर्सेनिक चिकटू शकतं. म्हणून केस धुऊन तपासतात आणि नखं, लघवी यांच्याशी ताडून पाहतात.

आपल्याकडेही २०२५ च्या आरंभी बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांना अचानक टक्कल पडू लागलं, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून सेलेनियमकडे, आणि ते ज्यातून आलं त्या गव्हाकडे बोट दाखवलं. गळालेला केसच कारण सांगू पाहत होता.

आणि मुलांच्या चित्रकलेच्या दप्तरातला ब्रश? त्यातले केस मुंगसाचे असू शकतात! मुंगूस मारणं आणि त्याच्या केसांचा व्यापार करणं हा गुन्हा आहे. एका ब्रशसाठीही मुंगसं मारली जातात. ब्रशातला केस खरोखर मुंगसाचाच, हे सिद्ध करण्यासाठी खवल्यांची नक्षी आणि गाभ्याची रचना पाहावी लागते. हे काम वर्षानुवर्षं करत आलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालयही कोलकात्यातच. ऑक्टोबर २०१९ मध्ये देशभर धाडी घालून असे हजारो ब्रश पकडले गेले. तेव्हा ब्रश घेताना नायलॉनचा घ्या.

आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण तज्ज्ञ पोहोचण्याआधी आपणच तिथे गर्दी केली तर तो काय गोळा करणार? आर. जी. कर प्रकरणात घटनास्थळ मूळच्या स्थितीत राहिलं नव्हतं, असं सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आणि राज्य सरकारने ते फेटाळलं. तो वाद काहीही असो, शेजारी काही अघटित घडलं तर दार लोटून, बाहेर उभं राहून पोलिसांची वाट पाहणं हीच मदत. आत जाऊन सांत्वन करणाऱ्यांच्या पायांनी केस, धागे, माती सगळं एक होतं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. घरातल्या कोणावर अत्याचार झाला तर पहिली इच्छा होते ती तिला न्हाऊ घालण्याची, कपडे बदलून देण्याची. माया म्हणून हे साहजिकच. पण वैद्यकीय तपासणीपर्यंत अंघोळ करू नये, केस विंचरू नयेत, अंगावरचे कपडे शक्यतो बदलू नयेत. बदललेच तर न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नको. ओल धरली की पुरावा कुजतो. आणि तपासणीला उशीर झाला किंवा हे काही पाळलं गेलं नाही तरी तक्रारीचा हक्क जात नाही, हेही लक्षात असू द्यावं.

टीव्हीवरच्या मालिकांत एक केस सापडतो आणि अर्ध्या तासात खुनी हजर होतो. प्रत्यक्षात एकटा केस कधीच पुरेसा नसतो, नसावाही. तो कुठे सापडला, कोणी उचलला, कोणत्या पाकिटात सीलबंद झाला, प्रयोगशाळेत कोणी उघडला, या साखळीतली एक कडी तुटली की त्याची किंमत शून्य. आणि बाकीचे पुरावे त्याच दिशेने बोट दाखवत असतील तरच त्याच्या शब्दाला वजन. कोलकात्याच्या त्या खटल्यात रक्त, डीएनए, सीसीटीव्ही हे सगळं नसतं आणि फक्त चार आखूड केस असते, तर कोणत्याही न्यायाधीशाने जन्मठेप देऊ नये अशीच आपली अपेक्षा असायला हवी. आपल्या मुलीला न्याय मिळावा असं वाटणाऱ्या आईबापांनीही आणि आपला मुलगा विनाकारण अडकू नये असं वाटणाऱ्या आईबापांनीही.